स्कारवनेसचं पातेलं

९ फेब्रुवारी
सरावाचा तळ

बाबा,

फाडायचंच असेल तर निदान अर्धं वाचून फाडा.

फोनच केला असता. पण गेल्या वेळी तुम्ही उचललात, माझा आवाज ऐकलात आणि ठेवून दिलात. ठेवलात कसला, आपटलात. आणि आता बोर्गहिल्ड मावशी सांगते की तुम्ही फोनच काढून टाकलाय. "फोन करतं कोण? माल विकणारे आणि ओड्नी," असं म्हणालात म्हणे तिच्या दुकानात, सगळ्यांसमोर. विकणाऱ्यांच्या रांगेत का होईना, माझं नाव तुमच्या तोंडून निघालं, तेवढ्यावर मी समाधान मानते. शिवाय सैन्याच्या सरावात आम्हाला खासगी फोन वापरता येत नाहीत, म्हणून हे पत्र. मावशी ते तुमच्या पावाच्या पिशवीत घालणार आहे. तिच्यावर चिडू नका.

मुद्द्याचं बोलते. आम्हाला स्कारवनेसचं टोक हवंय, महिनाभरासाठी.

कारण साधं आहे. आम्ही ज्या उपग्रहावरून बोलतो तो विषुववृत्तावर टांगलेला. इतक्या उत्तरेतून तो जेमतेम क्षितिजाच्या वर दिसतो, शेजाऱ्याच्या कुंपणावरून डोकावणाऱ्या माणसासारखा. दक्षिणेला एखादी टेकडी आडवी आली की संपलं. आम्ही तीन जागा पाहिल्या, तिन्हीकडे डोंगर. या सगळ्या किनाऱ्यावर दक्षिणेला सरळ फ्योर्डचं मोकळं पाणी दिसतं ते एकाच ठिकाणाहून, तुमच्या जुन्या रेडिओ स्टेशनच्या जोत्यावरून. आणि स्टेशन पाडल्यावर ते जोतं तुम्ही विकत घेऊन ठेवलंय. कशासाठी ते गावात कुणालाच कळलं नाही, मलाही नाही.

आमचे कॅप्टन स्टेन्सरूड दक्षिणेकडचे, ऑस्लोजवळचे. त्यांनी विचारलं, "जमीन कुणाची?"

मी म्हटलं, "आहे एक म्हातारा. तापट आहे."

"तू ओळखतेस?"

"थोडंफार."

मी आईचं आडनाव लावते, ते पहिल्यांदाच उपयोगी पडलं. त्यांचं सरकारी पत्र यायच्या आत माझं तुमच्या हाती पडावं म्हणून घाई केली.

आणखी एक सांगायचं आहे. या सरावात उत्तरेत कायमची जागा मिळाली नाही, तर आमची तुकडी यंत्रांसकट दक्षिणेला हलवणार आहेत, इथून दोन दिवसांच्या रस्त्यावर. तिकडे गेले की मी इकडे फिरकणार ती कुणाच्या तरी मयतालाच. हे ओझं टाकायला लिहीत नाही.

खोटं कशाला बोलू, टाकायलाच लिहितेय.

ओड्नी


१३ फेब्रुवारी
स्कारवनेस

बाबा,

तुमचं उत्तर आलं नाही, पण फाटकाची साखळी काढलेली होती. तेच उत्तर समजून आम्ही आत आलो. मावशी म्हणाली तुम्ही दुकानात एवढंच बोललात, "येऊ दे. वारा आपोआप हाकलेल त्यांना."

वाऱ्याने प्रयत्न चांगला केला. उपग्रहाकडे रोखायच्या आमच्या तबकडीचे तुकडे ट्रकमधून उतरवताना एक पाकळी हाल्वोरच्या हातून सुटली आणि थेट तुमच्या नौका-कोठीच्या भिंतीला जाऊन टेकली. हाल्वोर म्हणजे आमचा जनरेटरवाला. पन्नाशीचा, तंबाखू गालात धरणारा, कसल्याही गडबडीत शांत. तेव्हा तुमच्या घराच्या खिडकीचा पडदा हलला तो आम्ही दोघांनी पाहिला.

हाल्वोर म्हणाला, "म्हातारा बघतोय."

"बघू दे."

"हसतोय का गं?"

"तो हसत नाही."

"मग मीच हसतो," असं म्हणून तो खरंच हसला आणि बर्फात पाय घसरून बसला.

जोत्यावरचे जुने बोल्ट अजून घट्ट आहेत. तुमच्या मनोऱ्याचे. चार पाय त्यांनाच आवळले आणि तबकडी उभी राहिली. मग दिशा लावली. हे काम मला जगात सगळ्यात जास्त आवडतं, तुम्हाला कधी सांगायची संधीच मिळाली नाही म्हणून आत्ता सांगते. होकायंत्र आणि गणित तुम्हाला जवळपास नेऊन सोडतं, पुढचं हातानं करायचं. अगदी केसभर डावीकडे, केसभर वर. पडद्यावर नुसता गोंगाट असतो, गवतासारखा, आणि मग त्या गवतातून एक काडी वर येते. तो तिकडे असतो, छत्तीस हजार किलोमीटरवर, आणि तुम्ही त्याला बर्फातल्या एका पान्यानं पकडलेलं असतं. मी दरवेळी तोंडातल्या तोंडात "आलास का" म्हणते. कुणाला सांगू नका.

संध्याकाळच्या आत बोलणं सुरू झालं. खाली डोंगरांतल्या सगळ्या तुकड्या आता आमच्यामार्फत बोलतात. कॅप्टन खूश आहेत. "एवढा स्वच्छ सिग्नल मी इथे वर कधी पाहिला नाही," म्हणाले.

जागा चांगली आहे, बाबा. तुम्हाला ते आधीच माहीत होतं.

ओड्नी


१९ फेब्रुवारी
स्कारवनेस

बाबा,

आज सकाळी जनरेटरच्या मुठीला सुकवलेल्या कॉड माशांचा जोड टांगलेला होता. हाल्वोरला वाटलं कुणी शिव्या द्यायची नवी पद्धत काढली. मी त्याला म्हटलं, गुपचूप हातोडीनं ठेच आणि लोण्याबरोबर खा. पावलं तुमच्या दारापासून आली होती आणि तिकडेच परत गेली होती. डावा पाय जरा ओढलेला दिसतो. डॉक्टरकडे गेला होतात का?

चार दिवस नुसता बर्फ. तबकडीत बर्फ साचला की सिग्नल बसतो, म्हणून मी तास दोन तासांनी झाडू घेऊन बाहेर जाते. तुम्ही खिडकीतून बघत असाल तर तुमच्या मनात काय येत असेल मला नेमकं माहीत आहे. सैन्यात गेली, सार्जंट झाली आणि करते काय, तर पातेलं घासते.

हो, तो शब्द मी विसरलेले नाही. बोटी उपग्रहावरून बोलायला लागल्या आणि तुमचं स्टेशन बंद झालं, तेव्हापासून तबकडी म्हणजे तुमच्यासाठी पातेलं. त्या नाताळात मेंढीच्या बरगड्यांचं ताट माझ्यापुढे ठेवत तुम्ही म्हणालात, "ज्या पातेल्यानं माझ्या तोंडचा घास काढला, त्याच्याच दाराशी चाकरीला जातेस?" आणि मी म्हटलं, "घास पातेल्यानं नाही काढला, काळानं काढला, आणि तुम्हाला ते कळत नाही." मग तुम्ही उठून गेलात. मी ताट संपवलं, कारण मी तुमचीच मुलगी आहे. तेव्हापासून आपण असे आहोत.

मी बरोबर होते की नाही याचा वाद आज घालायचा नाही. दुसरंच लिहायचंय. काल झाडताना आठवलं, लहानपणी शाळेतून आल्यावर मी स्टेशनच्या खोलीत तुमच्या खुर्चीमागे बसायची. बोटी हाक मारायच्या, कुठल्या कुठल्या, वाऱ्यात फाटलेल्या आवाजात. आणि तुम्ही त्याच एका आवाजात म्हणायचात, "स्कारवनेस, ऐकतोय." कधी घाई नाही, कधी आवाज चढवणं नाही. घरी आईनं स्वयंपाकघरातून हाक मारली तरी तेच. ती वैतागायची, "अरे मी काय बोट आहे?"

मी हे काम का निवडलं असं तुम्ही कधी विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर मी म्हटलं असतं की मला त्या खुर्चीत बसायचं होतं. पण मी मोठी होईपर्यंत खुर्ची उचलून नेलेली होती, म्हणून तिच्या जागी जे आलं त्यापुढे जाऊन बसले.

मासा खारट होता. चांगला होता.

ओड्नी


२४ फेब्रुवारी

बाबा, घाईत लिहितेय. आज दुपारी जेवणाच्या जरा आधी संपर्क तुटला. काही मिनिटं सगळं मुकं, आणि मग आपोआप परत. खाली डोंगरात एक जखमी उतरवायचं नाटक चालू होतं, सरावातलंच, पण खरं असतं तर माणूस गेला असता. कॅप्टनचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. आम्ही केबली बदलल्या, ॲम्प्लिफायर बदलला. उद्या बघू. आभाळ भरून आलंय, बर्फ नाही पण.

पायाला काय झालंय ते मावशीलाही माहीत नाही. सांगा तिला.

ओड्नी


२५ फेब्रुवारी
स्कारवनेस

बाबा,

तुम्ही दार लावून घेतलंत त्यानंतर मी ट्रकमध्ये येऊन बसले. जे झालं ते तुम्हाला माहीत आहे, तुम्ही तिथेच होतात. पण माझ्या बाजूनं काय झालं ते नाही.

आज पुन्हा तुटलं. त्याच सुमाराला, आणि कालच्यापेक्षा जास्त वेळ. या वेळी मी पडद्यावर डोळे लावून बसले होते. सिग्नल कमी होत नव्हता, बाबा. गोंगाट वाढत होता. ते गवत हळूहळू वर येत गेलं आणि काडी त्यात बुडाली. यंत्र बिघडलं की असं होत नाही. कुणीतरी जवळून ओरडायला लागलं की असं होतं.

कॅप्टननी खिडकीतून तुमच्या घराकडे पाहिलं. छपरावरून शेडपर्यंत ताणलेली तुमची ती लांब तार दिसत होतीच.

"रोज जेवणाच्या आधी," ते म्हणाले. "माणूस उठतो, बटण दाबतो, आमचे बारा वाजवतो आणि निवांत जेवायला बसतो. दुकानातली बाई सांगत होती, त्याला उपग्रहांचा रागच आहे."

हाल्वोर म्हणाला, "त्यानं आम्हाला मासे दिले, साहेब."

"मासे देऊनच माणूस संशय टाळतो." ते दक्षिणेकडचे आहेत, त्यांना इथले मासे म्हणजे काय ते कळत नाही. "मी ट्रान्समिटर तपासणारे अधिकारी बोलावतो. आणि ही जागा यादीतून काढून टाका. असल्या शेजाऱ्यासोबत कायमचं स्टेशन चालणार नाही."

मी म्हटलं, "अधिकारी नकोत. मी जाऊन बघते."

म्हणून मी तुमच्या दारात उभी राहिले, इतक्या वर्षांनी, हातात शोधाचा अँटेना घेऊन. तुम्ही तो पाहिलात, मग मला पाहिलंत. मला वाटलं होतं दार तोंडावर आदळेल. तुम्ही म्हणालात, "ये. शोध."

आता कबूल करते. जिना चढताना अर्धा जिना मला वाटत होतं की तुम्हीच आहात. तुमचा राग मला माहीत आहे. जाणूनबुजून कुणाचं बोलणं तोडणारा माणूस तुम्ही नाही, हेही माहीत आहे. तरी वाटलं. आणि वाटलं याचा मला स्वतःचाच राग आला.

माळ्यावर तुमची खुर्ची होती. तीच, स्टेशनातली, हातावरचं कातडं फाटलेली. समोर दोन रिसीव्हर, कोमट, चालू. हेडफोन खिळ्याला. मी सगळीकडे अँटेना फिरवला. कुठेच काही नाही.

"पाठवायचा खोका स्टेशन बंद करणाऱ्यांनी नेला," तुम्ही म्हणालात. "ऐकायचा माझा स्वतःचा होता. तोंड नेलं, कान राहिले."

"रोज बसता?"

"लहान बोटी अजून आपसांत बोलतात. म्हातारे. कुणी कुणाच्या बायकोची तब्येत विचारतं, कुणी नुसतंच शिव्या देतं."

"आणि कुणी संकटात असलं तर?"

"मग बोर्गहिल्डच्या फोनवर पळतो. म्हणून पाय असा झालाय, गेल्या शरदात पायऱ्यांवर घसरलो. झालं तुझं? सापडलं?"

"नाही."

"मग जा."

मी गेले. तुम्ही दार लावलंत, आपटलं नाहीत, फक्त लावलंत. आपटलं असतंत तर बरं झालं असतं.

कॅप्टनना मी सांगितलं, घरात काही नाही. ते म्हणाले, "मग जागाच वाईट. आणखी दोन दिवस बघतो, आणि उचलतो."

शोधाचं यंत्र घेऊन तुमच्या दारात आले याची मला लाज वाटते, बाबा.

ओड्नी


२६ फेब्रुवारी
स्कारवनेस, जेवणानंतर

बाबा,

सूर्य होता!

थांबा, नीट सांगते.

सकाळी उठलो तर आभाळ लखलखीत. वारा नाही, फ्योर्ड गोठल्यासारखा शांत. तबकडीवर रात्रीचं दव गोठून पांढरा थर बसला होता, म्हणून जेवणाच्या आधी मी झाडू घेऊन बाहेर गेले. हाल्वोर आत पडद्यापुढे होता आणि दार उघडं ठेवून ओरडत होता.

"ओड्नी, वाढतोय! गवत वाढतंय!"

मी सूर्याकडे पाठ करून तबकडीकडे तोंड केलं होतं. आणि मला सावली दिसली. तबकडीच्या समोर, मधोमध, तीन दांड्यांवर ते तोंड असतं ना, सगळा सिग्नल गोळा करणारं? त्याची सावली पांढऱ्या थरावर पडली होती. बरोबर मध्यभागी. थाळीत मधोमध वाटी ठेवावी तशी.

मी झाडू तिथेच टाकला आणि मागे वळले. तबकडी ज्या दिशेनं बघत होती नेमक्या त्याच दिशेला, फ्योर्डच्या वर बोटभर, सूर्य उभा होता. उपग्रहाच्या बरोबर मागे.

तुम्हाला वेगळं समजवायला नको. सूर्य स्वतः एक भला मोठा ट्रान्समिटर आहे, सगळ्या लहरींवर एकदम ओरडणारा. तो उपग्रहाच्या मागे आला की तबकडी उपग्रहाकडे बघताना त्याच्याकडेही बघते. ढग आपल्यासाठी असतात, तबकडीसाठी नाही, म्हणून गेले दोन दिवस तो तिथेच उभा राहून गोंधळ घालत होता आणि आम्हाला दिसत नव्हता. वर्षातून दोनदा थोडे दिवस असं होतं, वसंतात आणि शरदात. हे आमच्या धंद्यातल्या नवशिक्यालाही माहीत असतं. तक्ता येतो त्याचा. आमच्या ट्रकच्या दारावर चिकटवलेला आहे, आणि त्यात लिहिलंय, दोन मार्चपासून पुढे.

पण तो तक्ता उपग्रह चालवणाऱ्यांनी पाठवलेला, आणि ते बसतात तिकडे खाली, दक्षिण युरोपात, जिथे संत्री पिकतात. त्यांनी तो त्यांच्या गावाच्या हिशोबानं काढला. आपण इतक्या वर आहोत की आपल्याला उपग्रह त्यांच्यापेक्षा जरा खालच्या आभाळावर दिसतो. सूर्य रोज थोडा थोडा वर चढतोय, तेव्हा तो आधी आपल्या उपग्रहामागे येणार, मग त्यांच्या. आपली पाळी आधी. हे मी मांडून पाहायला हवं होतं. नाही पाहिलं.

आणि का नाही पाहिलं ते सांगते, तुम्ही हसणार असलात तरी. आपण इथली माणसं. नोव्हेंबरात सूर्य मावळतो तो थेट जानेवारीच्या शेवटी उगवतो. आला की शाळेला सुट्टी, दुकानात सूर्याचे गोड पाव, सगळं गाव बाहेर येऊन तोंड वर करून उभं. तुम्ही मला खांद्यावर घेऊन याच टोकावर यायचात. त्याची वाट बघितली जाते, त्याच्यावर संशय कोण घेईल? केबलीवर घेतला, ॲम्प्लिफायरवर घेतला, तुमच्यावर घेतला. त्याच्यावर नाही.

हाल्वोर बाहेर आला, सावली पाहिली, सूर्य पाहिला, गालातली तंबाखू दुसऱ्या गालात सरकवली आणि म्हणाला, "म्हणजे आपण दोन दिवस सूर्य दुरुस्त करत होतो."

मी कॅप्टनकडे धावले. त्यांना सावली सरकताना दाखवली. सावली मध्यावरून हलली तशी गोंगाट उतरला. त्यांनी ट्रकच्या दारावरचा तक्ता काढून हातात घेतला. मग म्हणाले, "उद्या काय होईल ते आज सांग."

मी सांगितलं. उद्या पुन्हा होईल, पण आजच्यापेक्षा कमी. परवा आणखी कमी. मग शरदापर्यंत काही नाही.

"झालं तर मानतो," म्हणाले.

परत येताना तुम्ही पायरीवर होतात. हातात कप, डोळे मिटलेले, तोंड उन्हाकडे. तिथूनच ओरडून सांगावंसं वाटलं. पण काल तुमच्या घरात ज्या हातानं अँटेना फिरवला तो हात वर करायचा धीर झाला नाही.

ओड्नी


१ मार्च
स्कारवनेस

बाबा,

मी सांगितलं तसंच झालं. आज दुपारी काहीसुद्धा झालं नाही आणि हाल्वोरनं टाळ्या वाजवल्या.

कॅप्टन सकाळी म्हणाले, "जमीनमालकाची माफी मागायला हवी. मी स्वतः जातो."

मी म्हटलं, "दारातच मागा. आत जाऊ नका. आणि उपग्रह हा शब्द काढू नका."

ते गेले ते कितीतरी वेळ परतलेच नाहीत. हाल्वोर म्हणाला, "एक तर मारलं, नाही तर जेवायला घातलं." आले तेव्हा मिशीला जॅम लागलेला. म्हणाले, तीन वॅफल खाल्ले, आणि एक बोट बर्फाळ वादळात कशी बोलून बोलून बंदरात आणायची याचं अख्खं व्याख्यान ऐकलं. मग माझ्याकडे बघत उभे राहिले.

"भिंतीवर एक फोटो आहे. सात-आठ वर्षांची मुलगी, डोक्याला हेडफोन, पुढचे दोन दात नाहीत."

मी हातातला पाना पुसायला घेतला.

"थोडंफार ओळखतेस, नाही का?" एवढंच म्हणाले आणि चहाला गेले.

तो फोटो तुम्ही काढला असेल असं मी धरून चालले होते. भिंतीवरून काढला असेल, असं म्हणायचंय मला.

आता कामाचं. कॅप्टन ही जागा कायमसाठी सुचवणार आहेत. तिघांची तुकडी, बारा महिने. जमिनीचं रीतसर पत्र तुम्हाला येईल. हो म्हणायचं की नाही ते तुमचं. नाही म्हणालात तर महिन्याच्या शेवटी आम्ही सामान बांधू, बोल्ट होते तसे ग्रीस लावून ठेवू आणि दक्षिणेला जाऊ.

पण त्याआधी तुम्हाला एक कळायला हवं. पहिल्या पत्रात मी लिहिलं, आम्ही तीन जागा पाहिल्या. पाहिल्या, पण त्यातून काही निघणार नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दक्षिणेला कुठून दिसतं ते मला कुणी शिकवायला नको होतं, तुमच्या खांद्यावरून रोज बघत होते. मी उत्तरेतली बदली स्वतःहून मागितली. दोनदा नाकारली, तिसऱ्यांदा मिळाली. उपग्रहासाठी नाही मागितली. मला घरी यायचं होतं आणि नुसतं यायला तोंड नव्हतं, म्हणून काम घेऊन आले.

जमिनीची परवानगी सैन्य मागेल. मी वेगळी मागतेय. येऊ का?

ओड्नी


५ मार्च
स्कारवनेस

ओड्नी,

पत्रं मिळाली. एकही फाडलं नाही. पहिलं बोर्गहिल्डच्या पावाला चिकटलं होतं, तेवढा कोपरा गेला.

तुझा झाडू चुकीचा आहे. राठ आहे, रंग खरवडतोय. नौका-कोठीत दाराच्या मागे घोड्याच्या केसांचा आहे, तो घे. तबकडीचे पाय बोल्टला आवळलेत ते ठीक, पण एप्रिलात वायव्येचा वारा आला की नुसत्या बोल्टांवर उभं राहत नाही. खडकात चार कड्या आहेत, बर्फाखाली. तारा त्यांना बांधा. कड्या कुठे आहेत ते मी दाखवीन. तुमचा हाल्वोर तंबाखूच्या पुड्या माझ्या कुंपणाखाली खुपसतो, त्याला सांग. कॅप्टन बोलतो फार, पण खातो नीट.

सूर्यानं मलाही छळलंय. त्याच्या अंगात आलं की दोन-दोन दिवस बोटींचे आवाज गिळायचा. मी सेटला थपडा मारायचो. तू निदान त्याच्याकडे बघितलंस.

अँटेनाचं मनावर घेऊ नकोस. मी असतो तर मीही शोधलं असतं. पण मी जिना चढायच्या आधी कॉफी मागितली असती.

त्या नाताळात जे बोललो ते पातेल्याला बोललो. पण टेबलाशी पातेलं नव्हतं बसलं, तू बसली होतीस. हे मला त्याच रात्री कळलं होतं. सांगायला उशीर झाला.

जोतं मी का घेतलं, असं तू लिहिलंस. तिथे कुणी उन्हाळी घर बांधून पडदे लावले असते, ते मला बघवलं नसतं. तिथे कुणीतरी ऐकत बसायला हवं, एवढंच डोक्यात होतं. कोण ते ठरलं नव्हतं.

सैन्याचं पत्र आलं की सही करतो. तुझ्या खोलीतल्या जाळ्यांच्या पेट्या खाली नेल्यात, दोन राहिल्यात, पायामुळे. त्या तू ने. खुर्ची माळ्यावर आहे. तुमच्या ट्रकात बसायला काय आहे ते मी पाहिलं, त्या स्टुलावर पाठ मोडेल. खुर्ची तीही घेऊन जा.

शनिवारी ये. येण्याआधी बोर्गहिल्डच्या दुकानातून फोन कर, माझा तिनं पुन्हा जोडून दिलाय. मी उचलीन. इतक्या वर्षांनी काय बोलायचं ते मला सुचणार नाही, तेव्हा जे म्हणायची सवय आहे तेच म्हणेन, आणि पुढचं तू बोल.

स्कारवनेस, ऐकतोय.

बाबा